पखालजी



गेल्या लेखानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की चेन्नईत तू नेमकं करतोस तरी काय? उत्तर द्यायला जरा लाज वाटते. पाणी भरतो. पहाटे साडेतीनला उठतो, निळे ड्रम भरतो, ट्रकमध्ये चढवतो आणि शहराबाहेरच्या मातीच्या रस्त्यावर घोड्यांची वाट बघत बसतो. घोडं आलं की पाजतो, अंगावर ओततो, घासतो, परत पाजतो. पंधरा वर्षं घोड्यांच्या नोकरीत काढल्यावर देशाच्या संघाच्या तयारीसाठी माझं नाव आलं तेव्हा गावाकडे पेढे वाटले होते. आईने अजून सगळ्यांना सांगून ठेवलंय, की पोरगा शर्यतीत पळणार आहे. तिला काय सांगू?

शर्यत एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याची. परदेशात एकशेवीस किलोमीटर, एकाच दिवसात, एकच स्वार आणि एकच घोडं. सगळ्यात मोठा पल्ला एकशेसाठ किलोमीटरचा, म्हणजे शंभर मैलांचा असतो. रेसकोर्सवर घोडं दोन-तीन मिनिटं पळतं आणि निकाल लागतो, तसं इथे नाही. अंतराचे वीस ते चाळीस किलोमीटरचे टप्पे पाडतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर डॉक्टर घोडं तपासतात. नाडी ठरलेल्या वेळात मिनिटाला चौसष्टवर किंवा त्याखाली यायला हवी. आराम करणाऱ्या घोड्याची नाडी तीस-चाळीस असते, त्यावरून अंदाज करा. मग आतड्यांचा आवाज ऐकतात, हिरड्यांचा रंग बघतात, मानेची कातडी चिमटीत धरून सोडतात आणि ती किती लवकर बसते ते मोजतात, दुडकी चालवून लंगडेपणा बघतात. एक गोष्ट चुकली की घोडं बाद. पहिला आलेला घोडासुद्धा शेवटच्या तपासणीत बाद होऊ शकतो, आणि होतो.

आपल्याकडे हा खेळ फारसा कोणाला माहीत नाही. केरळच्या निदा अंजुम चेलाट या मुलीने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये तरुण स्वारांच्या जागतिक स्पर्धेत एकशेवीस किलोमीटर पुरे केले, तेव्हा वर्तमानपत्रांत थोडं आलं होतं. त्याआधीची आपली मोठी कमाई म्हणजे १९८२ ची दिल्ली एशियाड. रघुबीर सिंग शहजादा घोड्यावर इव्हेंटिंगचं सुवर्ण घेऊन आले, संघालाही सुवर्ण मिळालं. त्या काळच्या इव्हेंटिंगमध्ये दुसरा अख्खा दिवस दमसासाचाच असायचा. आमचे जुने रिसालदार साहेब त्या दिवसांबद्दल बोलायला लागले की चहा गार होतो.

तर पाणी. चेन्नईची हवा घोड्याची वैरी आहे. ऊन आमच्या फलटणकडेही कडक असतं, पण तिथे घाम वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. इथे तो वाळतच नाही. नुसता गळत राहतो, आणि घोडं मनासारखं तापलं तर तासाला दहा-पंधरा लिटर गाळतं. त्यात एक मेख आहे. माणसाच्या घामात पाणी जास्त आणि मीठ कमी जातं, रक्त खारट होतं, म्हणून तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ इतकं जातं की रक्ताचा खारटपणा वाढतच नाही. घोडं आतून कोरडं पडत जातं आणि त्याला तहान लागत नाही. त्याला तहान आहे हे दुसऱ्या कोणीतरी ओळखावं लागतं. त्या दुसऱ्याला इंग्रजीत क्रू म्हणतात. मराठीत त्याला जुना शब्द आहे, तो मला जिंजीला सापडला.

जिंजी चेन्नईपासून एकशेसाठ किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे बरोबर एका शर्यतीचा पल्ला. इथल्या स्वारांना साहेब सांगतात ना, की एकशेसाठ म्हणजे किती, तर परंगीमलैहून निघून संध्याकाळच्या आत जिंजीच्या दरवाजात उभं राहायचं, एवढं. रविवारी आम्ही तिघं बसने गेलो. तिंडिवनमला बस बदलायची. दगडांचे प्रचंड गोटे कोणी हाताने रचल्यासारखे तीन डोंगर, त्यांना बांधून घेणारा कोट, आणि खाली सपाटीवर कल्याण महालाच्या आजूबाजूला ओळीने ओवऱ्या. घोड्यांच्या पागा म्हणून दाखवतात. माणसं राजगिरीवर चढायला धावतात. आम्ही तिघंही खालीच, पागेत. एकजण दाराची उंची मोजतोय, दुसरा पाणी कुठून येत असेल ते शोधतोय. पर्यटकांना आम्ही वेडे वाटलो असणार.

मे १६७७ मध्ये महाराज या मुलखात उतरले. भागानगरला कुतुबशहाची भेट उरकून फौज खाली आली. सेंट जॉर्ज किल्ल्यातले इंग्रज धास्तावले होते. महाराजांनी त्यांच्याकडे विषावरचे उतारे आणि काही औषधी चिजा मागवल्या आणि त्यांनी पैसे न घेता त्या मुकाट्याने पाठवून दिल्या. तंबू चेट्टी स्ट्रीटवरच्या कालिकांबाळ मंदिरात महाराज दर्शनाला आले होते, अशी तिथली परंपरा सांगते. पोस्टिंगवर येणारा प्रत्येक मराठी गडी पहिल्या महिन्यात तिथे जाऊन येतोच. जिंजी त्याच महिन्यात हाती आली.

पण मला त्या मोहिमेतली सगळ्यात मोलाची ओळ एका फ्रेंच माणसाची वाटते. पाँडिचेरीचा फ्रान्स्वा मार्टिन. त्याचा वकील महाराजांच्या छावणीत जाऊन आला. त्याने काय पाहिलं? डामडौल नाही, बायका नाहीत, सामानसुमान नाही. जाड्याभरड्या कापडाचे दोन छोटे तंबू, एक राजाचा आणि एक प्रधानाचा. आणि पुढे मार्टिन लिहितो की घोडी राजाची, त्यांची देखभाल करणारी माणसं राजाची, आणि साधारण दोन स्वारांमागे तीन घोडी असतात. त्यांच्या वेगाचं एक कारण त्याने हेच दिलंय.

दोन माणसांत तीन घोडी. हे वाचून मी वही मिटून बाहेर येऊन उभा राहिलो. लहानपणापासून ऐकलेलं, की मराठा गडी चालत्या घोड्यावर झोपायचा, मुठीत हुरडा चोळून खायचा, एका दमात मुलूख पार करायचा. सगळी गोष्ट गड्याची. त्या दमामागे मोकळं चालणारं, पाठ रिकामी ठेवलेलं एक तिसरं घोडं होतं, हे कोणी सांगितलं नव्हतं. मार्टिनला ते दिसलं, कारण तो व्यापारी होता. व्यापारी आधी मोजतो.

आपल्याकडेही मोजणारे होते. कृष्णाजी अनंत सभासद. शिवछत्रपतींचं चरित्र म्हणून त्याची बखर आपण शाळेपासून ऐकतो, पण ती लिहिली गेली याच जिंजीत, १६९७ च्या सुमाराला, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून. २६ सप्टेंबर १६८९ ला राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेश पालटून निघाले, बिदनूरच्या राणी चेन्नम्माच्या मुलखातून सुटले, ऑक्टोबरअखेर वेलोरला आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला जिंजीला पोचले. पुढच्या वर्षी झुल्फिकारखान किल्ल्याखाली येऊन बसला. तेव्हापासून जानेवारी-फेब्रुवारी १६९८ मध्ये किल्ला पडेपर्यंत वेढा कधी आवळला, कधी सैल पडला. अशा जागी बसून सभासद आधीच्या राजाच्या पागेचा हिशेब लिहितो. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांवर एक जुमलेदार. दहा जुमल्यांचा हजारी. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी, एक नालबंद.

पखालजी म्हणजे पखालीतून पाणी वाहणारा. हाच तो शब्द. राज्यगीत गाताना भीमथडीच्या तट्टांपाशी आलो की आमच्याकडे सगळ्यांचा आवाज चढतो, माझाही चढतो. त्या तट्टांमागून कातड्याची पखाल घेऊन कोण जात होतं, हे इतक्या वर्षांत एकदाही मनात आलं नव्हतं.

आणि हा हिशेब वरून खालपर्यंत आला होता, याचा पुरावा चिपळूणचं पत्र. राज्याभिषेकाच्या आगेमागे महाराजांनी चिपळूणकडे पावसाळ्यासाठी छावणी केलेल्या लष्कराच्या अंमलदारांना ते लिहिलं. रयतेच्या भाजीच्या देठाला हात लावू नका, या अर्थाने ते भाषणांत गाजतं. पण पत्र सुरू होतं घोड्यांच्या दाणावैरणीपासून. पावसाळाभर पुरवायची चंदी आणि गवत आत्ताच मनाला येईल तसं उडवाल, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल. मग पोटासाठी कुणब्याच्या घरात शिराल. पुढे गवताच्या गंजीजवळ चुली पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल, इथपर्यंत. उंदीर! स्वतःच्या नावाने राज्य उभं करणारा माणूस उंदराने ओढलेल्या वातीची काळजी करतो. मी आजवर वाचलेल्या तबेल्याच्या स्थायी आदेशांत याच्या जवळपास जाणारं एकही पान नाही. आणि आमच्या तबेल्यात आदेशांना तोटा नाही.

आता संताजी-धनाजी. जिंजीला वेढा पडला तेव्हा डिसेंबर १६९२ मध्ये हे दोघं महाराष्ट्रातून मोठी फौज घेऊन इकडे आले. संताजींनी कावेरीपाकजवळ कांचीचा फौजदार अली मर्दान खान याला धरला, त्याचे हत्ती-घोडे घेतले. कावेरीपाक आज चेन्नई-बंगळूर हमरस्त्याला लागून आहे. वेलोरला जाताना आमचा ट्रक तिथूनच जातो, आणि ड्रायव्हर तमिळ असला तरी मी दर वेळी त्याला सांगतोच. या दोघांची धास्ती इतकी की मुघलांचं घोडं पाणी प्यायला तयार झालं नाही, तर स्वार त्याला विचारायचा, पाण्यात संताजी-धनाजी दिसतात का? ही आपली घराघरातली गोष्ट. आजोबांनी सांगितलेली, सगळ्यांना पाठ. मलाही. तिचाच विनोद करून मी एक घोडी घालवायच्या बेतात आलो होतो. हे सांगायचं म्हणून आजचा लेख.

फेब्रुवारीतली चाचणी होती. ऐंशी किलोमीटर, वीसचे चार टप्पे, समुद्राच्या बाजूने ताडांच्या रांगांमधून. परदेशात आपली घोडी न्यायची म्हणजे रोगमुक्तीचे दाखले, विलगीकरण, खर्च, मोठंच प्रकरण. म्हणून स्वार तिकडे जाऊन तिथल्या भाड्याच्या घोड्यावर बसणार होते. पण यादीत नाव यायचं तर इथे आपल्या घोड्यावर अंतर पुरं करून दाखवायचं होतं. माझ्याकडे रेवा. करड्या रंगाची, नऊ वर्षांची, कान कायम माझ्या खिशाकडे. तिचा स्वार राजस्थानचा, दफेदार, बोलायला कंजूस. त्याची ही शेवटची संधी होती, वयामुळे.

घोडं पाण्याच्या वासाला फार नाजूक असतं. परक्या ठिकाणचं पाणी हुंगून तोंड फिरवतं. म्हणून आम्ही तबेल्यातलंच पाणी ड्रमात नेतो. त्या दिवशी ट्रकमध्ये जागा कमी पडली आणि मी दोन ड्रम उतरवले. तिथे बोअर आहे असं कळलं होतं. बोअर होती, पण पाणी मचूळ, खारट. दुसऱ्या टप्प्यानंतर रेवा आली, नाडी वेळेत उतरली, डॉक्टरांनी सोडली. मी बादली पुढे केली. तिने नाक बुडवलं, ओठ ओले केले आणि मान वर. परत केली, परत वर. मी म्हणालो, काय गं, पाण्यात धनाजी दिसला का? आजूबाजूचे मराठी हसले. मग बाकीच्यांना समजावून सांगितलं, तेही हसले. आमचा म्हातारा तमिळ साईस मुरुगण हसला नाही. तो एवढंच म्हणाला, तण्णि कुडिक्कलै. पाणी प्यायली नाही. इतकं तमिळ मला येतं.

आमच्या हातात एक वही असते. कोणत्या टप्प्याला किती प्यायली, लघवी केली का, खाल्लं का. स्वार घोड्यावर चढण्याआधी ती वही बघून ठरवतो, की पुढचा टप्पा रेटायचा की जपून काढायचा. मी वहीत लिहिलं, प्यायली. दोनच शब्द जास्त लिहायचे होते. पण मग ड्रमांचा विषय निघाला असता. दफेदाराने वही बघितली आणि घोडी सोडली.

तिसऱ्या टप्प्यानंतर ती आली तेव्हा चालत आली. नाडी बहात्तरच्या खाली येईना. आणि तिच्या कुशीत, बरगड्यांच्या मागे, काहीतरी उडत होतं. प्रत्येक ठोक्याबरोबर कूस हिसका देत होती, जणू आत कोणी थाप मारतंय. घामातून क्षार वाहून गेले की असं होतं. हृदयाचा ठोका पोटाच्या पडद्याच्या नसेला जाऊन झोंबतो. पुस्तकात वाचलं होतं. डॉक्टर एकदा बघून धावले. कॅल्शियम थेंब थेंब शिरेतून, एक हात सतत छातीवर, कारण ते घाईने दिलं तर हृदयच थांबेल. मग सलाइनच्या बाटल्यांवर बाटल्या. तिला धरून मी उभा होतो. पाऊण तासाने कूस शांत झाली. रात्री उशिरा तिने मुरुगणच्या हातून तबेल्यातलं पाणी घेतलं.

साहेबांनी वही मागितली आणि विचारलं, हे कोणी लिहिलं? अक्षर माझं होतं. ड्रमांचंही सांगितलं. जे व्हायचं ते झालं, त्याची तक्रार नाही. दफेदाराचं नाव यादीत आलं नाही. तो मला त्याबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याच्या गावाकडे हीच सगळ्यात मोठी शिवी असावी.

नंतर आजारी घोड्यांच्या ओळीत रात्रपाळीला बसायचो तेव्हा या खेळाचा मागचा इतिहास वाचून काढला. १८९२ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्यांनी बर्लिन आणि व्हिएन्ना या दोन राजधान्यांमध्ये शर्यत लावली. जर्मन इकडून निघाले, ऑस्ट्रियन तिकडून. जवळजवळ सहाशे किलोमीटर, एकाच घोड्यावर, मधे तपासणी नाही. ऑस्ट्रियाचा काउंट स्टारहेम्बर्ग तीन दिवस-रात्रींत पोचला आणि जिंकला. त्याचा घोडा त्यानंतर मेला. आणखी कित्येक घोडी वाटेत किंवा पोचल्यावर मेली, युरोपभर आरडाओरडा झाला. हे अडाणी लोक नव्हते. त्या काळच्या जगातले सगळ्यात शिकलेले घोडेस्वार होते. दोन माणसांत तीन घोडी हा हिशेब त्यांच्याकडे नव्हता, आणि थांबवणारा कोणी नव्हता. १९५५ मध्ये अमेरिकेत वेंडेल रोबी याने कॅलिफोर्नियाच्या डोंगरातून एका दिवसात शंभर मैल काढून आजच्या खेळाची सुरुवात केली. पुढे या खेळात डॉक्टरचा शब्द शेवटचा ठरला. आज घोडं बाद झालं की स्वार चिडतात. मीही पूर्वी त्यांच्या बाजूने चिडायचो.

जिंजीला परवा पुन्हा गेलो, या वेळी मुरुगणला घेऊन. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत जिंजी आली, तेव्हापासून वर्दळ वाढलीय. मुरुगणला सभासद माहीत नाही. त्याला देसिंगु राजा माहीत आहे. मराठे गेल्यावर इथे असलेला राजपूत तरुण राजा तेजसिंग, १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना पडला. तमिळ लोक त्याची गाथा गातात आणि त्या गाथेत घोडा राजाच्या बरोबरीने असतो. मुरुगणने पागेत उभं राहून मला ती गोष्ट अर्धी सांगितली, अर्धी हातवारे करून दाखवली. मग मी त्याला पखालजी समजावला. पंचवीस घोड्यांमागे एक. तो बोटं मोजून म्हणाला, आपल्याकडे तर आठ घोड्यांना आपण दोघं, तरी?

आता ट्रकमध्ये ड्रम आधी चढतात, खुर्च्या आणि बाकीचं नंतर. घोडं गिळतं तेव्हा मानेखालून घोट सरकताना दिसतो, तो मोजता येतो. म्हणून वहीत 'प्यायली' लिहायचं बंद केलं, घोट लिहितो. रेवा हलक्या कामावर आहे, नव्या पोरांना बसायला शिकवते. काल रात्री तेवीस घोट.